यॅप ट्रॅकर: मुंबईत बसून ऑपेराच्या ऑडिशन शोधताना

यॅप ट्रॅकर या ऑडिशनच्या साइटची वर्गणी भरावी, पण आपल्या गाण्याचं रेकॉर्डिंग तयार असेल तरच. आणि भरल्यावर पहिला आठवडाभर एकही अर्ज करू नये, नुसती यादी वाचत बसावं. माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलामुलींचे आईवडील दर पावसाळ्यात विचारतात, “टीचर, ती ऑडिशनची साइट आहे ना, तिचे पैसे भरायचे का?” म्हणून उत्तर आधी देऊन टाकलं. आता कारणं जरा सविस्तर सांगते. आपल्या मुलांचे आवाज फार चांगले आहेत, आणि पुढची वाट दाखवणारं मराठीत जवळजवळ काही लिहिलेलं नाही.

मी वसईची, पापडीला राहते. मेझो-सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजांतला मधला. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कॉयर घेते, एरवी वसईत आणि वांद्र्याला शिकवते. माझे बहुतेक विद्यार्थी ट्रिनिटी नाहीतर एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षांच्या आठव्या ग्रेडपर्यंत येतात आणि नोकरीला लागतात. त्यात एखादा आवाज असा निघतो की माइक न घेता अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेत पोहोचेल. मग प्रश्न येतो, हा आवाज ऐकवायचा कुणाला?

लोक लगेच चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाउसकडे बोट दाखवतात. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूरांची नाटकं झाली, पुढे सिनेमे लागले. १९९३ मध्ये ते बंद पडलं. आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केल्यावर २०१६ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं, तेव्हा गायल्या त्या मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या गायिका, पॅट्रिशिया रोझारियो. वास्तू बघून डोळे भरून येतात. पण पगारावर गायक ठेवणारी, वर्षभर प्रयोग करणारी ऑपेरा कंपनी तिथे नाही. मुंबईत कुठेच नाही. त्यामुळे चर्चगेटची गाडी पकडून जाऊन द्यावी अशी ऑडिशनही नाही. संगीत नाटकाच्या काळात मंडळ्या आवाज हुडकत फिरायच्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी भाऊराव कोल्हटकरांना बडोद्याहून आणलं. ऑपेरात आज गायकालाच दारं शोधावी लागतात, आणि ती सगळी दारं परदेशात आहेत.

यॅप ट्रॅकर ही त्या दारांची यादी आहे. यॅप म्हणजे यंग आर्टिस्ट प्रोग्रॅम. शिक्षण संपलेल्या पण अजून मोठ्या भूमिका न मिळालेल्या गायकांना ऑपेरा कंपन्या एखाद्या मोसमासाठी, कुठे दोन वर्षांसाठी घेतात, छोट्या भूमिका देतात, मोठ्या भूमिकांसाठी राखीव म्हणून तयार करतात, भाषा आणि अभिनय शिकवतात. अशा कार्यक्रमांच्या जोडीला स्पर्धा, उन्हाळी वर्ग, कोरसच्या, म्हणजे समूहात गाण्याच्या, जागा, सगळ्यांच्या जाहिराती आणि शेवटच्या तारखा इथे एकत्र मिळतात. वर्षाची वर्गणी भरली की पूर्ण माहिती उघडते. आपला रेझ्युमे, फोटो, रेकॉर्डिंग एकदा चढवून ठेवायचं आणि ज्या कंपन्या या साइटवरून अर्ज घेतात त्यांना तिथूनच पाठवायचं. कुठे अर्ज केला, कुठून उत्तर आलं याची नोंद राहते, तारीख जवळ आली की मेल येतो. एवढी सोय एका ठिकाणी असणं ही मोठी गोष्ट आहे. मी तरुण होते तेव्हा परदेशी मासिकाचा जुना अंक हातोहात फिरायचा, आणि तो आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यातल्या तारखा उलटून गेलेल्या असायच्या.

आता ती यादी वाचायची कशी ते सांगते, कारण वर्गणीचं चीज इथेच होतं किंवा पैसे इथेच बुडतात.

पहिली गोष्ट पैशाची दिशा. एकाच यादीत एकाखाली एक दोन प्रकारच्या नोंदी असतात. एका प्रकारात कंपनी तुम्हाला पैसे देते. सान्ता फे ऑपेराचा ॲप्रेंटिस कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे, तिथे निवडलेल्या गायकाला पगार मिळतो. लंडनच्या रॉयल ऑपेराचा जेट पार्कर कार्यक्रम दोन वर्षांचा, तोही पगारी. झुरिकच्या ऑपेराचा स्टुडिओ १९६१ पासूनचा. अशा ठिकाणी जागा मूठभर आणि अर्ज जगभरातून. दुसऱ्या प्रकारात तुम्ही पैसे देता: इटली, ऑस्ट्रियात तीन-चार आठवड्यांचे उन्हाळी वर्ग, शिकवणी फी वेगळी, राहणं वेगळं, विमान वेगळं. वर्णनाची भाषा मात्र दोन्हीकडे सारखीच, ‘तुमची निवड झाली’, ‘भूमिका मिळाली’. आमच्याकडच्या एका पालकांनी घराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे अशाच एका वर्गाला घातले. मुलगी परत आली ती कोरसमध्ये उभं राहून. सगळा प्रयोग एका पियानोवर, तालमी नावापुरत्या. शिकायचं म्हणून जाणार असाल तर चांगला उन्हाळी वर्ग जरूर करा, भाषा कानावर पडते, चार गुरूंची नजर मिळते. पण ती नोकरी नव्हे. घरच्यांना ते आधी समजलं पाहिजे. म्हणून माझा नियम: नोंद उघडली की आधी मानधनाची आणि फीची ओळ वाचायची. कार्यक्रमाचं नाव, हॉलचा फोटो, सगळं नंतर.

दुसरी ओळ पात्रतेची. वय, शिक्षण आणि कामाचा परवाना. ही साइट मूळ अमेरिकी गायकांच्या गरजेतून वाढलेली, त्यामुळे भरणा तिकडच्या कार्यक्रमांचा. त्यातल्या कित्येकांत लिहिलेलं असतं की अर्जदाराला अमेरिकेत काम करण्याचा हक्क आधीच हवा. भारतीय पासपोर्टवर अशी नोंद आपल्यासाठी बंद. चाळून गाळून जे उरतं ते एका पानावर मावतं. माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर बसून मी हे गाळण्याचं काम केलं. ती चोवीस वर्षांची, माझ्यासारखीच मेझो. सुरुवातीला एवढी लांबलचक यादी बघून तिचा चेहरा खुलला होता आणि संध्याकाळपर्यंत उतरला. मी तिला म्हटलं, “हे बघ, ज्या दारावर आपल्याला कुलूपच आहे तिथे तू आता पैसे घालवणार नाहीस. वर्गणी इथेच वसूल झाली.” मी हे तिची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. कुठे अर्ज करायचा नाही हे ठरवण्यासाठी या साइटइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही.

कारण पुष्कळ अर्जांना वेगळी फी असते, आणि ती वर्गणीत धरलेली नसते. अमेरिकेत साधारण पंचवीस ते पन्नास डॉलर. पस्तीस धरले तरी दहा अर्जांचे ३५० डॉलर होतात, म्हणजे तीस हजार रुपयांच्या आसपास. वर कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क. आणि ही फक्त ऐकून घेण्याची किंमत. बोलावणं आलं तर व्हिसा आणि तिकीट पुढे आहेच. काही ठिकाणी पहिली फेरी व्हिडिओवर होते आणि ती पार झाल्यावरच प्रत्यक्ष बोलावतात. मुंबईकराने आधी अशा नोंदी वेचाव्यात. अमेरिकी कंपन्यांच्या प्रत्यक्ष ऑडिशन मुख्यतः सप्टेंबर ते डिसेंबर असतात, त्यातल्या पुष्कळ न्यूयॉर्कमध्ये. ऑपेरा अमेरिका या संस्थेचं नॅशनल ऑपेरा सेंटर २०१२ पासून तिथे आहे, एकाच इमारतीत अनेक कंपन्या खोल्या घेऊन गायकांना ऐकतात. तिथल्या गायकाला एका आठवड्यात चार ऑडिशन उरकता येतात. आपल्याला एका ऑडिशनसाठी एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून दोन-तीन बोलावणी जवळजवळच्या तारखांना जुळली तरच निघायचं.

शेवटच्या तारखांचं एक लक्षात ठेवा. न्यूयॉर्कची रात्रीची ११.५९ ही वेळ आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला येते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. म्हणजे नेमकी ऑफिसची गाडी. विरार फास्टमध्ये उभं राहून दोनशे एमबीचा व्हिडिओ चढत नाही. दोन दिवस आधी, घरच्या वायफायवर, हे काम संपवायचं.

आता रेकॉर्डिंग. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मुंबईतले अर्ज बहुतेक इथेच पडतात आणि याचा दोष कुठल्याही साइटचा नाही.

मागणी साधी वाटते: दोन वेगळ्या प्रकृतीचे आरिया (ऑपेरातली एकल गाणी), व्हिडिओ, पियानोच्या साथीने, प्रत्येक आरिया सलग एका दमात, मध्ये कापाकापी नाही, आवाजावर काही प्रक्रिया नाही, आणि अलीकडचं हवं, बहुधा गेल्या वर्षभरातलं. आपल्याकडे ‘रेकॉर्डिंग’ म्हटलं की लोक स्टुडिओत जातात. माझी ती विद्यार्थिनीही गेली, अंधेरीतल्या एका नावाजलेल्या स्टुडिओत. त्यांनी प्रेमाने केलं, पण सिनेमाचं गाणं करतात तसं केलं. तोंडापासून वीतभर अंतरावर माइक, सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर, वर घुमारा. ऐकायला गोड, आणि ऑडिशनसाठी पूर्ण निरुपयोगी. ऐकणाऱ्यांना जाणून घ्यायचं असतं ते हे, की हा आवाज खोली कशी भरतो. जवळच्या माइकने नेमकं तेच पुसून टाकलं होतं. पैसे गेलेच, शिवाय ते रेकॉर्डिंग किती छान आहे हे घरभर सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळे ते वापरायचं नाही हे पटवताना मला फार जड गेलं.

दुसरं टोक म्हणजे मोबाइल. मोबाइलचा माइक मोठा आवाज आला की आपोआप दाबतो आणि लहान आवाज उचलतो. ऑपेराच्या गायिकेचा वरचा सूर, ज्यासाठी तिने इतकी वर्षं घालवली, तोच त्यात आक्रसतो. चित्रासाठी मोबाइल चालेल. आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर घ्या, त्यातलं आपोआप पातळी बदलणं बंद करा, तो गायिकेपासून तीन-चार मीटर दूर ठेवा, आधी सगळ्यात जोरकस सूर गाऊन पातळी लावा आणि मग हात लावू नका. नंतर चित्र आणि आवाज एकत्र जोडायचे, एवढीच प्रक्रिया.

आणि हे सगळं जानेवारीत करा. माझा आग्रहच आहे. नाताळचा कॉयर संपलेला असतो, आवाज तापलेला असतो, रात्री पंखे बंद ठेवता येतात. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये किती येते हे ऐकल्याशिवाय पटत नाही. मार्चपासून कोकीळ सुरू होतो, एप्रिलमध्ये पंखा बंद करून गाणं अशक्य. जूननंतर पत्र्यावरचा पाऊस, आणि दमट हवेने पियानोच्या आतली लाकडी फळी फुगून सूर वर सरकतो, आज लावलेला पियानो आठवड्यात हलतो. मग गणपती, नवरात्र. वांद्रे-सांताक्रूझला विमानं बारा महिने. आम्ही शेवटी रात्री दहानंतर एका शाळेच्या सभागृहात रेकॉर्डिंग केलं, चांगला लावलेला पियानो होता, उंच छत होतं. सभागृह मिळण्यापेक्षा पियानिस्ट मिळणं अवघड. ग्रेडच्या परीक्षेला साथ करणारे पुष्कळ आहेत, पण आरियाचा पियानो म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राचा सारांश. गायिका श्वास कुठे घेणार, कुठे थांबणार हे ओळखून वाजवणारे हात या शहरात थोडे. त्यांना दोन महिने आधी विचारा, दोन तालमी घ्या, आणि त्यांचं मानधन सांगतील ते द्या. तयार ट्रॅकवर गाऊ नका. त्यात गायिका ट्रॅकच्या मागे धावते, आणि ते पहिल्या वीस सेकंदांत कळतं.

स्वरलिपीसाठी धोबी तलावचं फुर्ताडोज आहेच, १८६५ पासूनचं. शिर्मर या प्रकाशकाची आवाजाच्या प्रकारानुसार निवडलेल्या आरियांची पुस्तकं घ्या, सुरुवातीला तेवढी पुरतात. हक्क संपलेल्या जुन्या रचना आयएमएसएलपी या साइटवर फुकट मिळतात.

कुठले आरिया? व्हिडिओला दोन पुरले तरी प्रत्यक्ष ऑडिशनसाठी बहुतेक ठिकाणी पाचांची यादी मागतात, वेगवेगळ्या भाषांत. पहिला तुम्ही निवडता, दुसरा समोरचे सांगतात. म्हणजे पाचातला एकही कच्चा चालत नाही. माझ्या विद्यार्थिनीला ‘कार्मेन’मधली हबानेरा हवी होती. ती सगळ्यांना माहीत आहे, घरच्यांनाही आवडते, पण त्यात तिच्या आवाजाची वरची बाजू ऐकूच येत नाही. आम्ही ठरवलं ते असं: मोत्सार्टच्या ‘कोसी फान तुत्ते’मधली डोराबेला, हँडलच्या ‘जुलिओ चेझारे’मधला सेस्तो, फ्रेंचसाठी मासनेच्या ‘वेर्थर’मधली शार्लोट, जर्मनसाठी ‘फ्लेडरमाउस’चा ऑर्लोफ्स्की, आणि इंग्रजीसाठी सॅम्युएल बार्बरच्या १९५८ च्या ‘व्हॅनेसा’तली एरिका. एरिकाचा आरिया दोनेक मिनिटांचा, शांत, काही दाखवायला जागा नसलेला. म्हणूनच मी तो घेतला. ओळ धरून ठेवता येते की नाही ते तिथे लगेच समजतं. चोवीसाव्या वर्षी वेर्दीच्या दांडग्या भूमिका, अझुचेना, आम्नेरिस, यादीत घालू नयेत. आवाज तेवढा मोठा असला तरी ऐकणारे घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

रेझ्युमे एका पानाचा. आपल्याकडे लग्नाच्या आणि नोकरीच्या बायोडेटाची सवय अशी की वडिलांचं नाव, धर्म, छंद, आंतरशालेय स्पर्धेतलं दुसरं बक्षीस, सगळं येतं. अमेरिकेसाठी नाव, आवाजाचा प्रकार, गायलेल्या भूमिका, त्या कुठे आणि कधी, गुरू कोण, एवढंच. भूमिका नसतील तर कॉन्सर्टमधले एकल भाग लिहा. देवळात हँडलच्या ‘मसाया’त आल्टोचे, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाचे, एकल भाग गायले असतील तर ते अभिमानाने लिहा, ते खरं काम आहे. पॅरांज्योती किंवा स्टॉप-गॅप्ससारख्या कॉयरमध्ये गायला असाल तेही. न गायलेली, फक्त शिकलेली भूमिका ‘अभ्यासलेली’ म्हणून वेगळी दाखवा. हे जग छोटं आहे, कोण कुठे होतं ते एका मेलमध्ये समजतं.

आता या यादीबाहेरच्या वाटा. माझ्या मते मुंबईच्या गायकाने तिकडेही तितकंच लक्ष द्यायला हवं.

सगळ्यात मोठी म्हणजे जर्मनी. तिथे सार्वजनिक पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा घरं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे पगारावरचे स्वतःचे गायक असतात. करार पुढे चालू ठेवायचा नसेल तर थिएटरला तसं ३१ ऑक्टोबरपर्यंत गायकाला कळवावं लागतं. त्यामुळे पुढच्या मोसमात कुठली जागा रिकामी होणार हे त्यानंतर उलगडतं, आणि नोव्हेंबरपासून ऑडिशनना जोर येतो. या जागा बहुधा एजंटांमार्फत भरतात, जाहिरात येतेच असं नाही. पण जर्मन सरकारच्या रोजगार खात्याची कलाकारांसाठी एक शाखा आहे, झेडएव्ही. ती गायकांना ऐकते, योग्य वाटले तर थिएटरांना सुचवते आणि गायकाकडून फी घेत नाही. एजंटला लिहायचं तर मेल चार ओळींचा: आवाजाचा प्रकार, वय, दोन व्हिडिओंचे दुवे, मी युरोपात अमुक तारखांना आहे. ‘आदरणीय महोदय, मी लहानपणापासून’ वगैरे काही नको. तिकडे आवाजाच्या प्रकारांची विभागणी फार काटेकोर असते आणि तुम्ही स्वतःला कुठल्या खान्यात बसवता त्यावरून तुमची समज मोजतात. जर्मन बोलता यायला हवं, निदान तालमीत दिग्दर्शक काय सांगतो ते समजण्याइतकं. कलाघोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात भाषेचे वर्ग आहेत. गाण्याच्या शिकवणीइतकेच ते गरजेचे, असं मी आता सगळ्यांना सांगते.

आणि कोरस. आपल्याकडे कोरस म्हटलं की तोंड वाकडं करतात. जर्मन थिएटरच्या कोरसची नोकरी म्हणजे महिन्याचा पगार, सुट्ट्या, विमा, आणि आयुष्यभर ऑपेरात राहणं. मला ती कधीही सन्मानाची वाटते.

घराजवळची वाट म्हणजे गिव्हिंग व्हॉइस. पॅट्रिशिया रोझारियो आणि पियानिस्ट मार्क ट्रूप यांनी भारतातल्या तरुण गायकांसाठी सुरू केलेलं हे काम. त्यांच्याकडे शिकलेले काही जण परदेशातल्या संगीत महाविद्यालयांत पोहोचले आहेत. मुंबईचा बॅरिटोन, म्हणजे पुरुषांतल्या मधल्या आवाजाचा, ऑस्कर कॅस्टेलिनो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकपर्यंत गेला. जाणत्या कानांनी एकदा ऐकून “तू अजून दोन वर्षं थांब” असं सांगितलं तर तो सल्ला दहा अर्जांच्या फीपेक्षा मोलाचा. बहुतेक ऑपेरा कंपन्या नकाराबरोबर कारण देत नाहीत. ‘या वर्षी शक्य नाही’ एवढाच मेल येतो, आणि आवाज कमी पडला, वय कमी पडलं की त्यांना त्या मोसमात मेझोच नको होती, यातलं काहीच हाती लागत नाही. एनसीपीएत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगांची चित्रित आवृत्ती दाखवतात, तीही चुकवू नका. आपण ज्या भूमिकेचा एक आरिया गातो ती भूमिका उरलेले तीन तास काय करते हे ठाऊक असायलाच हवं.

तर यॅप ट्रॅकरला माझे पाचपैकी चार. माहिती भरवशाची वाटते, नोंदी ठेवण्याची सोय उत्तम, आठवणीचे मेल वेळेवर. तरीही शेवटची तारीख आणि पात्रता त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन एकदा ताडून बघा, ही सवय कुठल्याही यादीसाठी चांगली. एक गुण मी राखून ठेवला, कारण तिथला बराच भाग भारतीय पासपोर्टवाल्याला वापरता येत नाही आणि वर्गणी मात्र पूर्ण भरावी लागते. जर्मनीच गाठायचं पक्कं असेल तर या वर्गणीचे पैसे भाषेच्या वर्गाला घाला. अमेरिका, इंग्लंड आणि युरोपातले स्टुडिओ सगळे चाचपून बघायचे असतील तर भरा, आणि जुलैमध्ये भरा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा हातात येतात आणि वर्ष वाया जात नाही. रेकॉर्डिंग जानेवारीचंच असेल, तेव्हाही अलीकडचंच ठरतं.

माझ्या त्या विद्यार्थिनीने मोजक्याच जागी अर्ज केले. नकार आले, एका ठिकाणाहून लंडनच्या प्रत्यक्ष फेरीचं बोलावणं आलं. ती गेली, डोराबेला गायली, त्यांनी दुसरा म्हणून एरिका मागितली. निवड झाली नाही. या वर्षी ती पुन्हा अर्ज करते आहे, तेच पाच आरिया, फक्त जर्मन बदललाय.

येत्या जानेवारीत तिच्यासाठी पियानिस्टला पुन्हा बोलावणार आहोत. सभागृह रात्रभराचं घ्यावं लागतं आणि तिचं काम दोन तासांत होतं, त्यामुळे वसई-विरार पट्ट्यातल्या आणखी दोन-तीन गायकांना वेळ देता येईल. पियानो लावण्याचा आणि सभागृहाचा खर्च वाटून घेऊ. आरिया पाठ हवेत आणि नोव्हेंबर संपायच्या आत पियानिस्टबरोबर एक तालीम झालेली हवी, एवढीच अट.